‘ऑफ’ कोण म्हणालं?

क्लबातले सगळे दादाराव गजभियेंना ‘दादा’ म्हणत. हरियाणात दादा म्हणजे आजोबा, त्यामुळे नवे लोक पन्नाशीही न गाठलेल्या या माणसाच्या तोंडाकडे बघून जरा घोटाळत. दादारावांनी तो घोटाळा कधी दुरुस्त केला नाही. आजोबा तर आजोबा.

मूळ भंडारा जिल्ह्यातले. तरुणपणी वायुदलात भरती झाले, इंजिनांच्या कामात रमले, देशभरातले तळ फिरले आणि निवृत्त झाले तेव्हा पत्नी वत्सलाबाई दिल्लीत एका मंत्रालयात कारकून होत्या. आर. के. पुरमला त्यांच्या नावावर सरकारी क्वार्टर होतं. “आता काही दिवस घरात बसा,” असं वत्सलाबाई म्हणाल्या खऱ्या, पण घरात बसलेले दादाराव आधी मिक्सर खोलून बसले, मग कुलर, मग शेजारच्या नायर बाईंचं शिलाई मशीन. तेव्हा वत्सलाबाईंनीच चौकशी करून त्यांना एका फ्लाइंग क्लबात चिकटवून दिलं.

हा क्लब दिल्लीची हद्द संपते तिथे, एका नाल्याच्या काठावर होता. हँगर, धावपट्टी आणि ऑफिसची पत्र्याची खोली दिल्लीत. नाल्यावरचा सपाट मोरीपूल ओलांडला की हरियाणा. पूर्वी पलीकडे नुसती मोहरीची शेतं होती. पण आता नव्वदच्या दशकातली मधली वर्षं आली होती. शेतांत चुन्याच्या रेघा पडल्या, विटांचे ढीग आले, आणि ‘सर्व सुखसोयींनी युक्त’ अशा घरांच्या पाट्या उभ्या राहिल्या. त्यांवर चित्रात कारंजं असे. प्रत्यक्षात एक पंप आणि एक चौकीदार.

क्लबात शिकायला येणारी माणसंही बदलली होती. आधी वैमानिक व्हायचं म्हणून झुरणारी पोरं येत. आता परदेशी कंपन्यांत नोकऱ्या लागलेले, हातात पैसा खुळखुळणारे तरुण हौसेने येऊ लागले. साकेत दामले त्यातला. पुण्याचा, एका शीतपेयांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, सरोजिनी नगरजवळ भाड्याने राहणारा. दादाराव मराठी आहेत हे कळल्यावर तो एकटाच त्यांना ‘काका’ म्हणू लागला. त्याच्याकडे नुकताच आलेला मोबाइल फोन होता, विटेएवढा, आणि तो वाजला की मैदानावरची सगळी माणसं माना वळवून बघत.

क्लबाकडे एक जुनं पुष्पक होतं. दोन माणसांचं छोटं विमान, पंखांवर कापड ताणलेलं, पुढचं नाक वर आणि शेपूट जमिनीला टेकलेली. त्याला बॅटरी नाही, स्टार्टर नाही. ते सुरू करायचं म्हणजे एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने पुढे उभं राहून नाकावरचा पंखा हाताने झटक्यात फिरवायचा. ऐकायला साधं वाटतं. पण इंजिन पकडलं की तोच पंखा डोळ्याला दिसेनासा होतो, आणि हात किंवा डोकं वेळेत मागे आलं नाही तर पुढचं सांगायला नको. म्हणून त्याचा एक पाठ असतो. बाहेरचा विचारतो, “स्विच ऑफ?” आतला बघून सांगतो, “ऑफ.” मग पंखा फिरवून इंजिनात पेट्रोल खेचून घ्यायचं. मग बाहेरचा म्हणतो, “कॉन्टॅक्ट!” आतला स्विच चालू करून तेच म्हणतो, आणि मग खरा झटका. चाकांपुढे लाकडी ठोकळे, आत जाणता माणूस, आजूबाजूला कुणी नाही. दादारावांनी हे किती वेळा केलं असं विचारणं म्हणजे पोळ्या लाटणाऱ्या बाईला जन्मभराच्या पोळ्या मोजायला सांगण्यासारखं होतं.

जानेवारीतली एक सकाळ. धुकं उशिरा वर गेलं. साकेत आत बसलेला, त्याचा शिक्षक अजून ऑफिसात चहा घेत होता. इंजिन थंडीने कुरकुरत होतं, पकडेना. साकेतने आतून जरा जास्तच पेट्रोल सोडलं आणि इंजिन ओलंचिंब झालं. असं झालं की स्विच बंद करायचा, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग वाढवणारा खटका, पूर्ण उघडायचा आणि पंखा हाताने फिरवत राहून आतलं जादा पेट्रोल बाहेर काढायचं. दादारावांनी तसं सांगितलं. साकेतने मान हलवली. तेवढ्यात त्याच्या मोटारीच्या टपावर ठेवलेला फोन वाजायला लागला.

“काका, एक मिनिट हं! मुंबईहून असेल.”

साकेत उडी मारून उतरला आणि मोटारीकडे पळाला. दादारावांनी पंख्यावरची नजर न काढता सवयीने विचारलं, “स्विच ऑफ?” उत्तर आलं, “ऑफ.” निदान त्यांना तसं ऐकू आलं. त्यांनी पंखा धरला आणि फिरवला. एकदा, परत एकदा.

तिसऱ्यांदा इंजिन पेटलं.

थ्रॉटल पूर्ण उघडाच होता. विमान गुरगुरलं नाही, एकदम ओरडलंच. दादाराव मागे कोलमडले आणि अंगाच्या सवयीने बाजूला लोळले, म्हणून वाचले. विमानाच्या पंखाला खालून टेकू देणारा दांडा मात्र खांद्यावर बसला. एका चाकापुढचा ठोकळा निसटला, दुसऱ्यावरून विमान उडी मारून गेलं. आत कुणी नाही. ते स्वतःभोवती एक मोठं वळण घेऊन ऑफिसच्या खोलीकडे आलं, तिथून कुणीतरी हाकलल्यासारखं फिरलं, मोरीपुलावरून खडखडत नाला पार करून नव्या कॉलनीत शिरलं आणि वाळूच्या ढिगाऱ्यात नाक खुपसून थांबलं. ढिगाऱ्याशेजारी खाटेवर चौकीदार ऊन खात बसला होता. श्याम त्याचं नाव, दरभंग्याकडचा. त्याने खाटेवरून उडी मारली आणि मनगट मोडून घेतलं.

दादाराव उठून बसले तेव्हा त्यांच्या कानात नुसता आवाज घुमत होता. साकेत फोन तसाच हातात धरून उभा होता, आणि फोनातून कुणीतरी “हॅलो, हॅलो” करत होतं.

दिल्लीच्या ठाण्यातून पोलीस आले. त्यांनी वाळूत रुतलेलं विमान नाल्याच्या अलीकडूनच पाहिलं आणि सांगितलं, जखमी माणूस हरियाणात आहे, आमचा संबंध नाही. मग हरियाणाचे फौजदार चौहान आले. ते म्हणाले, इंजिन दिल्लीत चालू झालं, गुन्हा झाला असेल तर तिकडे झाला. दोन्हीकडचे नाल्याच्या दोन काठांवर उभे राहून मोठ्याने पण अदबीने बोलत होते. दादाराव मधे पुलावर, खांदा धरून. आपण कोणाच्या ताब्यात आहोत हे त्यांना कळेना, म्हणून ते हललेच नाहीत.

शेवटी चौहानांनी कागद काढला, कारण श्याम त्यांच्या हद्दीत कण्हत होता. पण लिहायचं काय? त्यांच्या आयुष्यात बेफाम ट्रक झाले होते, ट्रॅक्टर झाले होते, एकदा उंटगाडीही झाली होती.

“चला कौन रहा था?” त्यांनी विचारलं.

“कोई नहीं,” दादाराव म्हणाले.

“बिना ड्रायव्हर के?”

“जी.”

चौहानांनी श्यामला विचारलं. श्याम वेदनेने पांढरा पडला होता, पण त्याचं उत्तर ठाम होतं. आत माणूस बसला होता. टोपी घातलेला. “साहब, उसने मेरी तरफ देखा.”

चौहानांनी पेन थांबवलं. “देखिए, आदमी था तो एक बात है, नहीं था तो बिल्कुल दूसरी.” मग त्यांनी कपाळ चोळलं आणि दोन्ही बाजू लिहून घेतल्या. त्या दिवशीच्या कागदाप्रमाणे विमान रिकामं होतं आणि त्यातला वैमानिक पळून गेला होता.

सरकारी दवाखान्यातून हात गळ्यात बांधून दादाराव घरी आले. वत्सलाबाईंनी आधी रडून घेतलं, मग पिठलं टाकलं. मुलगी मैत्री कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुस्तकं काढून बसली.

“बाबा, बेदरकारपणे गाडी चालवण्याचं कलम सार्वजनिक रस्त्यासाठी आहे. आणि तुम्ही चालवत नव्हतात. बिल्कुल लागू नाही.”

“मग?”

“एक यंत्राबाबत निष्काळजीपणाचं आहे. ते लागेल कदाचित. पण विमानाचा कायदाच वेगळा, त्याचे नियम वेगळे, चौकशी वेगळी. पोलिसांनी त्यात कितपत पडायचं हे मला तरी नीट कळत नाहीये. उद्या सरांना विचारते.”

सरांनी ‘इंटरेस्टिंग’ असं म्हटलं. त्यापुढे काही कळलं नाही.

दादारावांना कायद्याची तेवढी फिकीर नव्हती. त्यांना छळत होतं ते दुसरंच. ‘ऑफ’ असं आपण ऐकलं का? त्यांनी डोळे मिटले की तो शब्द स्वच्छ ऐकू येई. पण कोणत्या दिवसाचा? वायुदलातल्या सार्जंटच्या आवाजात यायचा, क्लबातल्या जुन्या शिक्षकाच्या आवाजात यायचा, मागच्या महिन्यातल्या साकेतच्या आवाजात यायचा. एकावर एक इतके ‘ऑफ’ साचले होते की त्या सकाळचा त्यातून वेगळा काढता येईना. हरवलेली वस्तू शोधताना तिच्याऐवजी तिच्यासारख्याच दहा सापडाव्यात, तसं झालं.

क्लबाचे सचिव, निवृत्त कर्नल भल्ला, भेटायला आले. फळं घेऊन आले, गोड बोलले. विमा कंपनीला कारण सांगायला हवं होतं. “दादा, तुम दोनों एक ही बात बोलो,” ते म्हणाले. “कुछ भी बोलो, मगर एक बोलो.” म्हणजे एकतर साकेतने स्विच चालू ठेवला, नाहीतर दादारावांनी न विचारता पंखा फिरवला. कोणतंही चालेल. दादारावांनी विचार करून सांगतो म्हटलं. त्यात विचार करण्यासारखं काय आहे, असं कर्नलसाहेबांच्या चेहऱ्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी साकेत आला. बूट बाहेर काढून, कोपऱ्यातल्या वेताच्या मोड्यावर अवघडून बसला. वत्सलाबाईंनी दिलेला चहा त्याने हातात नुसता धरून ठेवला.

“काका, मी स्विच ऑफ केला होता.” मग जरा थांबून, “असं मला वाटतं. म्हणजे तो वळवल्याचं बोटांना आठवतंय, मला आठवत नाही. यार, मी शंभरदा आठवून बघितलं. फोन वाजला, एवढंच लख्ख आठवतं.”

“मी विचारल्यावर तू उत्तर दिलंस?”

“तुम्ही विचारलंत?” साकेत म्हणाला.

वत्सलाबाई दारात उभ्या होत्या. “तुम्ही दोघं तिथेच होतात ना?” त्यांनी विचारलं.

जाताना साकेत म्हणाला, “माझं जाकीट मिळालं नाही हो. आणि हेडफोन. सीटवर होतं बहुतेक.” मैत्रीने मान वर केली. सीटच्या पाठीवर जाकीट, त्यावर अडकवलेला हेडफोन, आणि विमान धावताना हलणारं ते सगळं. तिने श्यामच्या टोपीवाल्या माणसाचा उलगडा तिथेच केला. तो चौहानांना कळवायला दादाराव स्वतः गेले. चौहानांनी ऐकलं, खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “तो फरार आदमी जाकिट था.” त्यांना हायसं वाटलं की वाईट, हे दादारावांना ठरवता आलं नाही.

विमान खात्याकडून चौकशीला रंगनाथन नावाचे अधिकारी आले. सडपातळ, हळू बोलणारे. त्यांनी आरडाओरडा केला नाही, दोष दिला नाही. फक्त वाळूतून काढलेल्या विमानाभोवती पुष्कळ वेळ फिरले. मग त्यांनी दादारावांना जवळ बोलावून स्विचच्या मागची एक तार दाखवली. तुटलेली होती.

दादारावांना त्या तारेचा अर्थ ठाऊक होता. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोला गप्प बसवायचं काम ती तार करते. ती तुटली तर स्विच ‘ऑफ’वर असूनही इंजिन जिवंतच राहतं.

“मग साकेतची चूक नाही!” ते म्हणाले.

“ही आधी तुटली होती की वाळूत आदळल्यावर, हे तुम्ही सांगू शकता?” रंगनाथननी हिंदीत विचारलं.

दादारावांनी तार बघितली. टोक जुनाट होतं असं वाटलं. परत बघितली तेव्हा ताजं वाटलं. “नाही,” ते म्हणाले.

“मलाही नाही.”

मग रंगनाथननी एक विनंती केली. इंजिनातल्या ठिणगीच्या वायरी काढून ठेवल्या होत्या, ते पेटण्याची शक्यता नव्हती. चाकं बांधली, शेपूट दोराने खुंटाला बांधली. आत कुणीही बसलं नाही. “त्या दिवशी जसं केलंत तसं करून दाखवा. घाई नाही. हात दुखत असेल तर नुसता पंखा धरा.”

भल्ला, साकेत, क्लबातली आणखी दोनचार माणसं लांब उभी राहिली. मैत्री वडिलांना सोडायला आली होती, तीही त्यांच्यात. दादाराव पंख्यासमोर उभे राहिले. पाय नेहमीच्या जागी आपोआप गेले. हात वर गेला. “स्विच ऑफ?” त्यांनी विचारलं. आणि पंखा धरून ओढला.

“रुकिए,” रंगनाथन म्हणाले. “जवाब किसने दिया?”

दादारावांनी आजूबाजूला पाहिलं. “कुणीतरी... आतून.”

“आत कोणी नाही.”

“मी ऐकलं.”

मैत्री हळूच मराठीत म्हणाली, “बाबा, तुम्हीच म्हणालात. ‘ऑफ’ तुम्हीच म्हणालात.”

दादाराव तिच्याकडे बघत राहिले. ती खोटं बोलणारी नव्हती. ओठ हलल्याचं त्यांना जाणवलंही नव्हतं. कधीपासून आपण असं करतो? त्या सकाळी असंच झालं असेल का? की त्या सकाळी साकेत खरंच म्हणाला आणि हे आज पहिल्यांदाच, भीतीने झालं? इतकी वर्षं या क्षणी विचारणारा एक आणि उत्तर देणारा दुसरा, असे आपण दोघं असतो असं ते समजत होते.

रंगनाथननी काही लिहिलं नाही. त्यांनी दादारावांना सावलीत बसवलं आणि पाणी मागवलं.

अहवाल यायला उन्हाळा उजाडला. इंजिन कशामुळे पेटलं ते निश्चित सांगता येत नाही, असं त्यात म्हटलं होतं: स्विच चालू राहिला असेल, तार आधीच तुटलेली असेल, दोन्ही शक्यता खुल्या. पण जे निश्चित होतं तेही होतं. विमानात जाणता माणूस नसताना पंख्याला हात लागला. ठोकळे चाकांना घट्ट नव्हते, शेपूट बांधलेली नव्हती. बाहेरच्याने उत्तराची वाट पाहिली की नाही, हे त्यालाच सांगता येत नव्हतं. क्लबाने पुढे काय काय पाळायचं ते खाली दिलं होतं, आणि दादारावांनी नव्याने शिक्षण घेईपर्यंत पंख्याला हात लावू नये, असंही.

हरियाणातलं प्रकरण श्यामनेच मिटवलं. क्लबाने त्याचा औषधपाण्याचा खर्च केला आणि दादाराव त्याच्याकडे अधूनमधून जात राहिले. त्यांनी त्याला जाकिटाचं समजावून सांगितलं. श्यामने शांतपणे ऐकून घेतलं. “होगा साहब,” तो म्हणाला, आणि चेहऱ्यावरून त्याला काडीचंही पटलेलं नाही हे दिसत होतं. साकेतने उडणं सोडलं. वर्षभरात त्याची मुंबईला बदली झाली.

दादारावांनी शिक्षण पुन्हा घेतलं. त्यांच्याहून अर्ध्या वयाचा शिक्षक पाठ सांगत असे आणि ते प्रत्येक प्रश्नानंतर ओठ घट्ट मिटून घेत. पण परवानगी हातात आल्यावर त्यांनी कर्नल भल्लांना सांगितलं, “बाहेर नको. मला आत बसवा.” इंजिन सुरू करताना आत एक जाणता माणूस हवाच, असं आता ठरलं होतं, तो माणूस ते झाले. बाहेरच्या कामाला क्लबाने गुणवंत नावाचा एक तंत्रज्ञ ठेवला, नाशिककडचा, अंगाने बुटका.

पहिल्या दिवशी दादाराव पुष्पकच्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत ते या बाजूला इंजिन चालू होताना कधीच बसले नव्हते. विमानाचं नाक त्यांच्यासमोर भिंतीसारखं वर आलेलं. त्यापलीकडे आकाश आणि पंख्याचं एक पातं. गुणवंत कुठे आहे?

“स्विच ऑफ?” पलीकडून आवाज आला.

दादारावांनी स्विचकडे पाहिलं. बोट लावून पाहिलं. काचेतून पाहिलं तर माणूस दिसेना. फक्त पात्यावर ठेवलेली बोटं दिसत होती. ती बोटं आपल्या शब्दावर तिथे आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे इतकी वर्षं आत बसणाऱ्यांना आपली फक्त बोटंच दिसत होती? त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“गुणवंत, तू कुठे उभा आहेस?”

“इथेच आहे की, दादा!”

“दिसत नाहीस. जरा बाजूला ये. मला तू दिसायला हवास.”

गुणवंत वैतागला नाही. तो बाजूला आला, दिसला, हात हलवला आणि परत जाऊन उभा राहिला. दादारावांनी स्विच आणखी एकदा तपासला आणि मग पलीकडच्या न दिसणाऱ्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं.